खिडकी उघडायची की लावायची?

(ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गृहसंकुलाच्या सभागृहात, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि शाळांचे शिक्षक यांच्यासमोर जानेवारीतल्या एका संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, विषयाला हात घालण्याआधी टेबलावरची ही दोन यंत्रं बघून घ्या. डावीकडचं हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं, उजवीकडचं पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. आपल्या डोक्याचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. सभागृह उघडलं तेव्हा डावीकडचा आकडा ५६० होता. तुम्ही साठेक जण येऊन बसलात, खिडक्या लावलेल्या, एसी सुरू. वीस मिनिटांत तो १,५०० वर गेला. उजवीकडे ३८ आहे. रस्त्याकडच्या गॅलरीत हेच यंत्र ८५ दाखवत होतं, मागच्या बागेच्या बाजूला ६०.

म्हणजे खिडक्या लावून आपण बाहेरची घाण बरीचशी बाहेर ठेवली आणि एकमेकांचे उच्छ्वास आत कोंडले. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भागांच्या आसपास असतो, माणसाच्या उच्छ्वासात ३८ ते ४० हजार. १,५०० मधून ४२० वजा करा, ३८ हजारांनी भागा. उत्तर येतं पस्तिसातला एक. या क्षणी तुम्ही घेत असलेल्या दर पस्तिसाव्या श्वासाइतकी हवा कुणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेली आहे. साठ जणांत एखादा फ्लूचा किंवा कोविडचा रुग्ण असेल, तर त्याचाही वाटा तीत आहे.

प्रदूषणवाले सांगतात खिडकी लावा, साथरोगवाले सांगतात उघडा. दोघंही खरं बोलतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या दोन सल्ल्यांची जी खिचडी होते ती सोडवणं, एवढंच आजचं काम.

आधी एक गैरसमज. प्रदूषणाचे कण विषाणूंना पाठीवर घेऊन गावभर हिंडतात, असं २०२० मध्ये पुष्कळ पसरलं. निमित्त होतं उत्तर इटलीचं. लोम्बार्डी हा युरोपातला अतिप्रदूषित पट्टा, आणि तिथेच बर्गामोसारख्या शहरांत कोविडने थैमान घातलं. तिथे हवेतली धूळ गोळा करणाऱ्या गाळण्यांवर विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडला, आणि लोकांनी दोनाला दोन जोडले. पण आरएनए सापडणं म्हणजे रस्त्यात कुणाचं पाकीट सापडणं. माणूस तिथे जिवंत उभा आहे असं त्यावरून ठरत नाही. उघड्यावर उच्छ्वासातले कण काही क्षणांत प्रचंड हवेत पातळ होतात. एवढ्या विरळ हवेत विषाणूचा कण आणि काजळीचा कण एकमेकांवर आदळून चिकटण्याचं प्रमाण नगण्य आहे. शिवाय उन्हात विषाणू फार वेळ टिकत नाही. घोडबंदर रस्त्याची धूळ तुमच्या दारी फ्लू आणून टाकत नाही.

ती काय करते, हे समजायला श्वासनलिकेच्या आत शिरावं लागतं. नलिकेच्या अस्तरातल्या पेशींवर रोमक असतात. हे सूक्ष्म केस, एकेका पेशीवर दोनशेच्या घरात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच लयीत हलतात आणि वरचा चिकट द्रवाचा थर घशाकडे ढकलत राहतात. धूळ, जंतू, विषाणू त्या थरात अडकतात आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. पुढचं पोटातलं आम्ल बघून घेतं. नाकात आतल्या बाजूला सॅकरिनचा बारीक कण ठेवला तर निरोगी माणसाला दहा-पंधरा मिनिटांत घशात गोडी जाणवते, ती या सरकत्या पट्ट्यामुळे. डिझेलचा धूर, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, विडी-सिगारेट यांनी रोमक मंदावतात, द्रव दाट होतो आणि तीच गोडी लागायला वीस-तीस मिनिटं जातात. तेवढा जास्त वेळ विषाणूला पेशीत शिरायला मिळतो.

दुसरी गोष्ट, पेशीपेशींमधले सांधे. ओझोन आणि सूक्ष्म कण ते सैल करतात. तिसरी फुप्फुसाच्या तळाशी. तिथे वायुकोशांत रोमक नसतात. भक्षक पेशी फिरत असतात आणि दिसेल तो कचरा गिळतात. काजळीने पोट भरलेली भक्षक पेशी विषाणूकडे ढुंकूनही बघत नाही. प्रयोगशाळेत श्वसनमार्गाच्या पेशींना आधी डिझेलच्या धुराचा संपर्क दिला आणि मग फ्लूचा विषाणू सोडला, तर जास्त पेशी बाधित होतात. थोडक्यात विषाणू माणसाकडूनच येतो. प्रदूषणाने आपल्या दाराची कडी आधीच ढिली केलेली असते.

लोकसंख्येवरचे पुरावेही याच बाजूचे आहेत, पण ते नीट वाचावे लागतात. २००३ मध्ये चीनमधल्या सार्सच्या, म्हणजे कोविडच्याच कुळातल्या आधीच्या श्वसनरोगाच्या साथीत, जास्त प्रदूषित भागातल्या रुग्णांचा मृत्यूचा धोका स्वच्छ भागांतल्या रुग्णांच्या सुमारे दुप्पट दिसला. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, आकडेवारी मांडली: दीर्घकाळच्या पीएम २.५ मध्ये घनमीटर हवेमागे १ मायक्रोग्रॅमची वाढ असेल तिथे कोविडचा मृत्युदर सुमारे ११ टक्के जास्त. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो. तो सरसकट प्रदेशांची तुलना करून काढलेला आहे, एकेका रुग्णाच्या नोंदीवरून नव्हे. प्रदूषित भागात गरिबी, गर्दी, मधुमेह हेही जास्त असू शकतं. दिशा दाखवायला तो चांगला, पण ‘ठाण्यात पीएम इतकं वाढलं म्हणून इतके गेले’ असा हिशेब त्यावरून मांडू नये.

मला जास्त भरवशाचा वाटतो तो अमेरिकेतल्या यूटा राज्यातला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. डोंगरांच्या कुशीतली दरी, हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण, आणि धूर आत कोंडतो. तिथल्या १ लाख ४६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. बहुसंख्य दोन वर्षांखालची मुलं. त्यात प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच होती: आजारी पडण्याआधीच्या दिवसांतली हवा आणि इतर दिवसांतली हवा. पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढल्यावर पुढच्या तीन-चार आठवड्यांत छातीच्या संसर्गाचं प्रमाण वाढलं, लहान मुलांत सुमारे १५ टक्क्यांनी. लहान मुलांची छाती भरवणाऱ्या आरएसव्हीसारखे विषाणूच त्यामागे होते. शिक्षकांनी हा तीन-चार आठवड्यांचा उशीर लक्षात ठेवावा. दिवाळीच्या धुरानंतर दुसऱ्या दिवशी मूल ठणठणीत असलं म्हणून हिशेब मिटत नाही.

आता आपल्याकडची गंमत. ‘हिवाळा, धुरकं, फ्लू’ हे त्रिकूट दिल्लीच्या बातम्यांतून आपल्या डोक्यात बसलंय. श्रीनगरसारख्या ठिकाणी फ्लूचा मोठा हंगाम हिवाळ्यात येतो हे खरं. पुण्या-मुंबईकडे मात्र फ्लू मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये उसळतो, म्हणजे पाऊस हवा धुऊन काढतो त्या महिन्यांत. वर्षातली सगळ्यात स्वच्छ हवा आणि सगळ्यात जास्त फ्लू एकाच वेळी! कारण पावसाची झड आत येते म्हणून घरोघर, वर्गावर्गांत, बसमध्ये खिडक्या लावलेल्या असतात आणि माणसं आत दाटीवाटीने बसतात. दमट हवेचाही वाटा असावा, पण बंद खिडकी हे कारण आपल्या हातातलं आहे. पावसाळ्यात पीएमची भीती बाळगून खिडकी लावण्यात काही अर्थ नाही. छज्जा असलेली, वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी उघडी ठेवा. फ्लूची लस घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये. ऑक्टोबरमध्ये घेतली की आपल्याकडचा मुख्य हंगाम निघून गेलेला असतो. ज्येष्ठ, दमेकरी, मधुमेही आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना याबद्दल आवर्जून विचारावं.

हिवाळ्याचं गणित वेगळं. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडीपलीकडे पारसिकची रांग. नवी मुंबईत दिघा ते तुर्भे औद्योगिक पट्टा त्याच रांगेच्या पायथ्याशी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य मावळला की जमीन निवते, वारा पडतो, आणि धूर-धुळीवर झाकण बसतं. त्यात रात्रीची अवजड वाहनं, मेट्रो आणि टॉवरांची कामं, आणि रखवालदारांची शेकोटी. (शेकोटी बंद करायला सांगताना त्याला स्वेटर आणि केबिन द्या, नाहीतर तो प्लास्टिक जाळून ऊब घेणारच.) सकाळी आठ ते दहा-अकरा रहदारीची आणखी भर. मग ऊन तापतं, हवा वर चढते, दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि आकडा उतरतो. म्हणून हिवाळ्यात घर मोकळं करायची वेळ दुपारी साडेबारा ते साडेचार. आपल्या घरांतला रिवाज नेमका उलटा: पहाटे उठल्या उठल्या सगळ्या खिडक्या सताड, दुपारी पडदे ओढून बंद.

मोबाइलवरचा आकडा वाचतानाही सांभाळा. भारतीय हवा निर्देशांकात पीएम २.५ चं २४ तासांचं सरासरी प्रमाण धरतात. ६० मायक्रोग्रॅम म्हणजे निर्देशांक १००, ९० म्हणजे २००, १२० म्हणजे ३००. काही ॲप अमेरिकन मोजपट्टी वापरतात. त्यात ६० मायक्रोग्रॅमची हवा १५० च्या वर दिसते. एकाच गेटवर उभे राहून दोन शेजारी वेगवेगळे आकडे सांगून भांडतात, ते यामुळे. निर्देशांक सोडा, मायक्रोग्रॅम बघा. आपली २४ तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. घरगुती यंत्रं लेझरच्या उजेडात कण मोजतात. हवेत ऐंशी टक्क्यांवर दमटपणा असला की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र आकडा फुगवून सांगतं. ऑगस्टमध्ये ते १०० दाखवायला लागलं तर घाबरू नका.

आता घरात. स्प्लिट एसीबद्दल गैरसमज फार: तो बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. भिंतीतून बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत गॅस फिरतो, हवा नव्हे. खोलीतली तीच हवा तो गार करून परत फेकतो, आणि त्याची जाळी धाग्याचा गुंता अडवते, पीएम २.५ नाही. विंडो एसीला बहुधा बाहेरच्या हवेची छोटी झडप असते, पण तिची दांडी कुणी हलवलेली नसते. म्हणून एसीच्या वर्गात किंवा क्लासमध्ये समोरासमोरच्या दोन स्लायडिंग खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवायच्याच. वीजबिल थोडं वाढेल. डासांची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. रस्त्याकडची जाळी महिनाभरात धुळीने इतकी गच्च होते की खिडकी उघडूनही वारा येत नाही.

एक्झॉस्ट पंखा स्वस्त आणि कामाचा. फक्त तो जितकी हवा बाहेर फेकतो तितकी कुठून तरी आत यायला हवी. दार-खिडक्या घट्ट लावून पंखा लावला तर तो नुसता आवाज करतो, नाहीतर नको त्या भोकातून हवा ओढतो. ते नको ते भोक म्हणजे नहाणी ट्रॅप. टॉवरमधल्या लोकांनी हे नीट ऐकावं. न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखाली वळणात थोडं पाणी साठून राहतं. तेच मलवाहिनीतली हवा अडवतं. घर बंद असलं, किंवा पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर वापरलं नाही, की ते पाणी आटतं. वर एक्झॉस्ट लावला की सामाईक नळातली हवा सूं करून आत. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या टॉवरांच्या वसाहतीत सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण झाले, त्यात आटलेले ट्रॅप आणि बाथरूमचे पंखे हे मोठं कारण निघालं. उपाय आठवड्याला एक तांब्या पाणी. कुलूपबंद फ्लॅटच्या मालकांना तेवढं कळवा, किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने ओतावं.

एअर प्युरिफायर घेताना खोक्यावरचा ‘सीएडीआर’ बघायचा, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा तो स्वच्छ करून देतो. दहा बाय बारा फुटांची खोली, साडेनऊ फूट उंच: १,१४० घनफूट, सुमारे ३२ घनमीटर. तासाला सहा वेळा हवा गाळायची तर १९४ लागतात. पण खोक्यावरचा आकडा सर्वांत जोरात चालवल्याचा असतो, आणि रात्री आवाजामुळे आपण तो हळू करतो, तेव्हा निम्माही राहत नाही. म्हणून ४०० चा घ्यावा आणि मध्यम वेगावर चालवावा. वीस बाय पंचवीस फुटांचा, साडेदहा फूट उंच वर्ग सुमारे १५० घनमीटरचा. तिथे पाच वेळांसाठी ७५० लागतात. एका घरगुती यंत्राने भागत नाही, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा, भिंतीला चिकटवू नका. प्युरिफायरमधली हेपा गाळणी, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी जाळी, पीएमही अडवते आणि विषाणूवाहक कणही. खिडकीचा तिढा जिथे सुटत नाही तिथे हाच मधला मार्ग. कार्बन डायऑक्साइडचा आकडा त्याने उतरत नाही, म्हणून यंत्र बिघडलं असं समजू नका. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र घरात आणूच नका. आणि प्युरिफायरशेजारी मच्छर कॉइल जाळू नका. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ निघाले. डेंग्यू आहेच, म्हणून मच्छरदाणी लावा.

मास्कचं थोडक्यात. एन ९५ किंवा आयएस ९४७३ या भारतीय मानकाखालचा एफएफपी २ दर्जाचा, डोक्यामागून दोन पट्टे असलेला. कानातल्या दोऱ्यांचा मास्क गालाशी फट ठेवतो, आणि फटीतून येणारी हवा गाळली जात नाही. तो धुऊ नका, सॅनिटायझर मारू नका. त्याच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, तो गेला की उरते नुसती चिंधी. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवायला सर्वांत अवघड, म्हणून चाचणी त्यावर होते. त्याहून बारीक कण हवेत सैरावैरा भटकत धाग्याला जाऊन चिकटतात. ‘विषाणू ०.१ चा, मग मास्कमधून आरपार जातो’ हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

मग खिडकी? मी निर्णय असा घेईन. घरात ताप-खोकल्याचा माणूस असेल, तर बाहेर आकडा काहीही असो, त्याच्या खोलीची खिडकी उघडी, दार लोटलेलं, जमल्यास प्युरिफायर त्याच्या उशाजवळ. संसर्ग तासाभरात होतो. तेवढ्या तासाच्या ९० मायक्रोग्रॅमची किंमत त्यापुढे कमी. घरात सगळे बरे आहेत, पाहुणे नाहीत, बाहेर रात्रीचे १२०: रस्त्याकडची खिडकी लावा आणि निवांत झोपा. आपलीच माणसं आहेत, कार्बन डायऑक्साइडचा आकडा १,००० झाला तरी बिघडत नाही. वर्ग, सभागृह, दवाखान्याची प्रतीक्षेची खोली इथे खिडकी उघडीच, पण रस्त्याकडची नव्हे, मागच्या अंगणाकडची. वाहनांचा धूर रस्त्यापासून शे-दोनशे मीटरांत बराच विरतो आणि मध्ये इमारत आली की त्याहून लवकर.

पंधरा मिनिटांपूर्वी मी बोलता बोलता मागच्या दोन्ही खिडक्या आणि समोरचं दार उघडायला सांगितलं होतं. आता बघा: डावीकडे १,१००, उजवीकडे ३८ चे ५४ झाले. पहिल्या रांगेतल्या आजींना गार वारा लागत असेल तर त्यांनी भिंतीकडच्या खुर्चीवर यावं. खिडकी राहू द्या. विचारा प्रश्न.